रांगेत उभी राहिलेली घबराट

सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज पुन्हा फिरत आला. सोबत एक फोटो: जपानमधलं औषधांचं दुकान, सकाळची वेळ, शटर बंद आणि बाहेर हातभर अंतर राखून उभी असलेली माणसं. खाली मजकूर असा: 'जपानमध्ये साथ आली की लोक घाबरत नाहीत. झुंबड नाही, साठेबाजी नाही. सरकारला लॉकडाऊन लावावा लागत नाही. मास्क ही त्यांची हजारो वर्षांची संस्कृती. आजाऱ्याला वाळीत टाकत नाहीत. सण आणि सामने थांबत नाहीत. आणि आपण?' त्याखाली जोडलेल्या हातांची माळ.

जपानीतून मराठीत भाषांतरं करून माझं पोट भरतं, त्यामुळे माझी नजर माणसांआधी शटरवरच्या कागदाकडे गेली. त्यावर लिहिलं होतं, 'मास्क: प्रत्येकी एकच पाकीट. पुढचा माल कधी येईल ते सांगता येत नाही.' न घाबरण्याचा पुरावा म्हणून फिरतोय तो फोटो घबराटीचाच आहे. घबराट रांगेत उभी आहे, एवढंच.

तेव्हा एकेक घेऊ.

'झुंबड नाही, साठेबाजी नाही.' कोरोनाच्या साथीत, २०२० च्या फेब्रुवारीअखेर, जपानमध्ये अफवा उठली की मास्क आणि टॉयलेट पेपर एकाच कच्च्या मालाचे असतात, तो चीनमधून येतो, आता संपणार. वास्तविक तिथला जवळजवळ सगळा टॉयलेट पेपर देशातच बनतो. उत्पादकांनी तसं जाहीर केलं, सरकारनेही सांगितलं. तरी दुकानांतले फडताळ रिकामे झाले आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांतले रोल चोरीला जाऊ लागले. अफवा खोटी आहे हे बऱ्याच जणांना कळत होतं. पण शेजारीण ती खरी मानून दोन गठ्ठे उचलेल आणि आपण शहाणे ठरून रिकाम्या हाती राहू, ही धास्ती होतीच. आपल्याकडे मिठाच्या अफवेच्या वेळी हेच होतं.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९७३ च्या तेलसंकटात ओसाकाजवळच्या सेन्री वसाहतीतून टॉयलेट पेपरची अशीच झोंबाझोंबी सुरू होऊन देशभर पसरली होती. त्या वर्षी जीवनावश्यक वस्तूंसाठी एक आणीबाणीचा कायदा झाला. मार्च २०२० मध्ये तोच धूळ झटकून बाहेर काढला गेला: मास्क खरेदीपेक्षा चढ्या भावाने विकले तर एक वर्ष कैद किंवा १० लाख येन दंड. साठेबाजी नव्हती, तर हा कायदा लागू कुणासाठी केला?

'लॉकडाऊन लावावा लागत नाही.' यात अर्ध सत्य आहे, म्हणून तर ते पसरतं. पोलीस काठी घेऊन रस्त्यावर उतरले नाहीत, कारण तसा अधिकार देणारा कायदाच नव्हता. ७ एप्रिल २०२० ला सात प्रांतांत आणि १६ एप्रिलला देशभर आणीबाणी जाहीर झाली, तीही 'विनंती'च्या स्वरूपात. शब्द होता 'जिशुकु', म्हणजे आपणहून आवर घालणं. त्याआधी, २७ फेब्रुवारीच्या गुरुवारी संध्याकाळी पंतप्रधान शिंझो आबे यांनी देशातल्या सगळ्या शाळा सोमवारपासून बंद ठेवण्याची अशीच विनंती केली होती. मधे जेमतेम एक कामाचा दिवस. पोरं घरी बसली म्हणून नर्सना कामावर येता येईना. होक्काइदोतल्या एका रुग्णालयाला बाह्यरुग्ण विभाग आवरता घ्यावा लागला. शाळांमधलं जेवण थांबलं आणि रोजचं दूध कुठे खपवायचं, हा गवळ्यांपुढे प्रश्न पडला. दैनंदिन आयुष्य विस्कटायला हुकूमच लागतो असं नाही, हे कळायला एवढं पुरे.

बंद ठेवण्याची विनंती न पाळणाऱ्या पाचिन्को (पोलादी गोळ्यांचा जुगारासारखा यंत्रखेळ) अड्ड्यांची नावं ओसाकाच्या प्रशासनाने जाहीर केली. परिणाम? कुठे चालू आहे हे घरबसल्या कळल्यामुळे शौकिनांच्या रांगा तिथेच लागल्या. शिस्तीच्या मेसेजमध्ये ही रांग कुणी टाकत नाही. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये कायदा बदलून आदेश मोडणाऱ्या दुकानांना दंडाची तरतूद करावीच लागली.

पण कायद्याच्या आधीच तिथे दुसरी यंत्रणा कामाला लागली होती. लोकांनीच तिचं नाव ठेवलं 'जिशुकु पोलीस'. चिबा प्रांतात मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांचं एक जुन्या धाटणीचं दुकान होतं. साथ आल्यावर मालकांनी ते आधीच बंद केलं होतं. बंद दारावर एक दिवस चिठ्ठी सापडली, सगळी कोनदार कताकाना लिपीत: 'मुलं गोळा करू नका. दुकान बंद करा.' बंद दुकानाला! दुसऱ्या प्रांताची नंबरप्लेट दिसली की गाड्यांवर ओरखडे पडायचे, दगड यायचे. नोकरीसाठी बदलून आलेल्यांना जुनी पाटी गाडीवर ठेवून फिरायची भीती वाटू लागली. शेवटी काही ठिकाणी स्थानिक प्रशासनाने 'मी याच प्रांतात राहतो' असे स्टिकर वाटले. आपल्याकडे गावकुसाला बाभळीचे काटे टाकून रस्ते अडवले होते, त्याचीच ही सुबक छापील आवृत्ती.

म्हणजे 'वाळीत टाकत नाहीत' हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. तरी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाच्या धक्क्याला 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज विलगीकरणात उभं होतं. ३७११ माणसं आणि शेवटी ७१२ बाधित. तिथे आत जाऊन उपचार करून आलेल्या डॉक्टर-नर्सना त्यांच्याच सहकाऱ्यांनी 'जंतू' म्हटलं, त्यांच्या मुलांना पाळणाघरात पाठवू नका असं सांगण्यात आलं. आपत्ती-वैद्यकाच्या संघटनेला यावर जाहीर निषेध काढावा लागला. दुसरं, इवाते प्रांतात जुलैअखेरपर्यंत एकही रुग्ण नव्हता. अख्ख्या देशात शेवटचा कोरा प्रांत. २९ जुलैला पहिले रुग्ण सापडले आणि त्यांतल्या एकाच्या कंपनीत शिवीगाळीचे फोन सुरू झाले. विषाणूपेक्षा 'पहिला' ठरण्याचीच तिथे धास्ती होती. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवायची मुभा देणारा कायदा जपानने १९९६ मध्ये रद्द केला, हेही या मेसेजवाल्यांना कुणीतरी सांगा.

मास्कच्या 'हजारो वर्षां'वर फार शाई घालवत नाही. मास्क रूढ झाला तो १९१८ ते २० च्या इन्फ्लुएंझात. सरकारी नोंदीनुसार त्यात ३ लाख ८० हजारांहून जास्त माणसं गेली, तेव्हा भिंतींवर पोस्टर लागली: मास्क न लावणारा जिवावर उदार. मग दुसऱ्या महायुद्धानंतर लावलेल्या देवदारासारख्या सुगी झाडांच्या परागकणांनी दर वसंतात निम्मा देश शिंकू लागला आणि मास्क कायमचा मुक्कामाला आला.

'घाबरत नाहीत.' याला २०१४ चं योयोगी उद्यान पुरेसं आहे. जवळपास ७० वर्षांनी देशातल्या देशात डेंगीची लागण झाली. त्या साथीत एकूण रुग्ण साधारण १६०, मृत्यू एकही नाही. तरी टोकियोच्या त्या भल्यामोठ्या उद्यानाचा बहुतेक भाग सप्टेंबरमध्ये बंद झाला. दर पावसाळ्यात डेंगीचे आकडे वाचणाऱ्या पुणेकराला हे वाचून हसू येईल, पण भीती आकड्यावर ठरत नाही, सवयीवर ठरते.

राहिले सण आणि सामने. इथे मेसेज सपशेल तोंडावर पडतो. ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं आणि २०२१ मध्ये बहुतेक स्पर्धा रिकाम्या खुर्च्यांपुढे झाल्या, हे जगाने पाहिलं. सुमोची मार्च २०२० ची स्पर्धा प्रेक्षकांविना झाली आणि मेची रद्द. पण जपानी घरांत जास्त लागलं ते कोशिएन. शाळकरी मुलांची ही बेसबॉल स्पर्धा, वसंतातली आणि उन्हाळ्यातली, दोन्ही रद्द. हरलेला संघ जाताना मैदानातली काळी माती पिशवीत भरून नेतो, अशी तिथली रीत. त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना मातीपर्यंत पोचताच आलं नाही. मग ती माती किल्लीच्या की-चेनमध्ये भरून त्यांना देण्यात आली.

मान्य करायचं ते मान्य करते. मे २०२३ पर्यंत साडेबारा कोटींच्या देशात कोरोनाने सुमारे ७५ हजार माणसं गेली. अनेक श्रीमंत देशांच्या मानाने हे खूप कमी. बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणं टाळा, हा 'सान-मित्सु'चा सल्ला साधा होता आणि लोकांनी पाळला. पण २०२० मध्ये तिथल्या आत्महत्या ११ वर्षांत पहिल्यांदा वाढून २१,०८१ झाल्या. मेसेज लिहिणाऱ्याला जपानचं कौतुक करायचंच असेल, तर हा आकडा झाकून करू नये.

'आणि आपण?' याला उत्तर द्यायला मी बांधील नाही. ज्या जपानशी तुलना चालली आहे, तो फक्त आपल्या मोबाइलमध्येच आहे.

खरा जपान पाहायचा तर क्योतोचा गिओन उत्सव पाहावा. इ. स. ८६९ मध्ये साथीने माणसं मरू लागली, तेव्हा रोगदैवतांना शांत करण्यासाठी ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारले, तिथून हा सुरू झाला. आपल्याकडे मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडतात, त्याचाच हा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही. आणि 'गिओन' हे नाव तर थेट बुद्धाच्या जेतवन विहारावरून आलेलं आहे. ज्या साथीच्या भीतीतून हा उत्सव जन्मला, त्याच भीतीने २०२० आणि २०२१ मध्ये त्याची रथयात्रा बंद पाडली. हे रथ खिळ्यांशिवाय बांधतात, लाकडांना गवताच्या दोरांचे वेढे देऊन, आणि ते वेढे कसे द्यायचे हे पुस्तकात नाही, म्हाताऱ्यांच्या हातात आहे. म्हणून २०२१ च्या जुलैत क्योतोच्या काही गल्ल्यांत रथ उभारले गेले. ते ओढायचे नव्हते. दोर बांधायला शिकलेली पोरं पुढच्या वर्षी ते विसरू नयेत, म्हणून बांधले, थोडे दिवस ठेवले आणि सोडले.