मशीन लावली म्हणून डिप्रेशनची गोळी बंद करू नका

महिनाभरापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरून राहिला, आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा आला. त्यात म्हणे डिप्रेशन असं काही नसतंच, रात्री घोरताना श्वास अडकून ऑक्सिजन कमी होतो म्हणून माणूस उदास होतो, हे फक्त जाड्या पुरुषांना होतं, श्वासाची मशीन लावा अन् गोळ्या आजच फेका. माझ्या भाऊजींना दोन्ही त्रास आहेत. हा मेसेज वाचून त्यांनी ताईला न सांगता चार दिवस गोळी घेतली नाही. चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होऊन राहिलं होतं त्यांना. म्हणून लिहितोय.

आधी खरं काय ते, कारण अर्धं खरं आहे म्हणूनच लोक फसतात. स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घसा सैल पडून हवेचा रस्ता बंद होतो, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा करतो, अन् परत तेच. तासाला 30 च्या वर झालं तर सिव्हिअर, म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटाला गुदमरणं! भाऊजींचं हे आम्हाला कित्येक वर्षं कळलंच नाही, कारण नागपूरचा उन्हाळा, रात्रभर कूलर, त्या आवाजात काय ऐकू येणार. मे महिन्यात एका रात्री लाइट गेली, कूलर थांबला अन् ताईला पहिल्यांदा ऐकू आलं: घोरणं, मग एकदम चूप, इतकं की ती त्यांच्या छातीवर हात ठेवून बसली, अन् मग बुडता माणूस वर आल्यासारखा मोठा श्वास.

अशी झोप झाल्यावर माणूस थकलेला, चिडका, कशात लक्ष नाही. डिप्रेशनमधीही हेच दिसतं, म्हणून गफलत होते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधी लोकांची झोप वर्षानुवर्षं तपासली, 2006 साली निष्कर्ष छापून आला की श्वास जितका जास्त अडकतो तितकी डिप्रेशनची शक्यता जास्त. संबंध आहेच, पण म्हणून दोन्ही एकच आजार झाला का? अ‍ॅप्निया असून डिप्रेशन नसलेले कितीतरी आहेत, अन् डिप्रेशन असून श्वास एकदम ठीक असलेलेही. भाऊजी तर वीस वर्षांपासून घोरतात, मन खचलं ते त्यांची आई गेल्यावर.

फक्त जाड्या पुरुषांना होतं हेही चूक. वजनानं धोका वाढतो हे खरं, पण जबडा लहान असला तर सडपातळ माणसालाही होतं, बायकांनाही होतं, पाळी गेल्यावर जास्त. त्या बिचाऱ्या थकवा येतो, झोप लागत नाही एवढंच सांगतात अन् त्यांना 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवतात. याचा मला फार राग येतो.

आता मशीन. या श्वासाच्या मशीनला सीपॅप म्हणतात, ती हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवते, बस. 2016 मधी हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या सुमारे 2,700 लोकांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात मशीनवाल्यांची डिप्रेशनची लक्षणं कमी झाली. चांगलंच आहे, भाऊजींनाही फरक पडला. पण गोळी कमी करायची तर डॉक्टर हळूहळू करतात, मेसेज वाचून एका दिवसात नाही.

अन् मेसेजमधी नसलेली सगळ्यात कामाची गोष्ट: दारू अन् झोपेच्या काही गोळ्या घसा आणखी सैल करतात. म्हणून मनाच्या डॉक्टरला घोरण्याचं सांगा अन् छातीच्या डॉक्टरला गोळ्यांचं. नागपुरात मेडिकल अन् मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत हे दोन्ही विभाग आहेत. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. अन् डॉक्टरकडे जायच्या आधल्या रात्री पाच मिनिटं कूलर बंद करून घरातल्या कोणीतरी झोपलेल्या माणसाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. ताईनं काढलेला व्हिडिओ पाहूनच डॉक्टरनं झोपेची टेस्ट लिहून दिली होती.