सर्जनने नव्वद दिवस फुकट राबायचं?

मेडिकेअरचे, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, सर्जरीचे क्लेम रोज हाताखालून जातात आणि रोज डोकं फिरतं. हिशेब कागदावर सरळ आहे. कामाचे, प्रॅक्टिसच्या खर्चाचे आणि मालप्रॅक्टिस विम्याचे असे तीन आरव्हीयू, म्हणजे प्रत्येक प्रोसिजरला ठरवून दिलेले गुण. प्रत्येकाला त्या भागाचा जीपीसीआय, म्हणजे तिथल्या खर्चाचा निर्देशांक, लावायचा, बेरीज करायची, कन्व्हर्जन फॅक्टरने, म्हणजे एका गुणाच्या डॉलरमधल्या दराने, गुणायचं. चीड येते ती या फॅक्टरची. 1992 साली तो 31 डॉलर होता. 2025 मध्ये 32.35. या काळात स्टाफचे पगार, जागेचं भाडं कुठल्या कुठे गेलं! 2026 ला एपीएमबाहेरच्या (एपीएम म्हणजे पैसे देण्याची पर्यायी योजना) डॉक्टरांसाठी तो 33.40 केला, आणि त्याच वर्षी सर्जरीच्या बहुतेक कोडचे (कोड म्हणजे प्रोसिजरचा बिलातला क्रमांक) वर्क आरव्हीयू 2.5 टक्क्यांनी कापले. कारण काय, तर काम आता लवकर उरकतं. गुंतागुंतीचं पोट उघडल्यावर काय लवकर उरकतं?

एकाच वेळी दोन प्रोसिजर केल्या तर मोठीचे पूर्ण पैसे, दुसरीचे निम्मे. भूल आणि तयारी एकदाच होते, हे मान्य. पण दुसऱ्या प्रोसिजरला लागणारा वेळ निम्मा होत नाही. असिस्टंट सर्जनला तर फक्त 16 टक्के.

आणि सगळ्यात संतापजनक ते 90 दिवस. मोठ्या सर्जरीत आदला दिवस, सर्जरीचा दिवस आणि पुढचे 90 दिवस एकाच रकमेत कोंबलेले. टाके काढा, ड्रेसिंग बदला, जखमेत पू झाला म्हणून पेशंट तीनदा आला तरी तपासा, वरती छदामही नाही. पुन्हा ओटीत न्यावं लागलं तरच 78 मॉडिफायर, म्हणजे बिलात कोडला जोडायची खूण, आणि त्यातही त्या कोडचा प्रत्यक्ष ऑपरेशनचा हिस्साच मिळतो. हाडांच्या बऱ्याच कोडना तो 69 टक्के आहे, म्हणजे 1000 डॉलरचे 690.

तेच दुसरं ऑपरेशन आधीपासून ठरलेलं असेल तर 58 मॉडिफायर लागतो आणि पूर्ण पैसे मिळतात. पण पहिल्या ऑपरेशनच्या नोटमध्ये 'पुढचा टप्पा नियोजित' हे तीन शब्द नसले, की 58 सिद्ध कशाच्या जोरावर करणार? पेशंट तोच, सर्जन तोच, दोन तासांचं काम तेच, आणि तीन शब्दांपायी 310 डॉलर गेले. अपील करायचं म्हटलं तर पुन्हा तीच नोट जोडावी लागते.