हार्ड डिस्कचा तो फॉरवर्ड: एक्स-रेला घाबरू नका, डिकीला घाबरा

लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, "प्रवासात हार्ड डिस्क अशी वाचवा" म्हणून. त्यात म्हणे विमानतळावरच्या एक्स-रेने डेटा उडतो, मोबाईल आणि मॅग्नेटपासून डिस्क लांब ठेवा नि वर फॉइल गुंडाळा, बंद डिस्कला धक्का लागत नाही म्हणून बिनधास्त डिकीत टाका, पावसात तांदळाच्या डब्यात ठेवा, पडून बंद पडली तर रात्रभर फ्रीझरमध्ये घाला, आणि एसएसडी (तबकड्यांऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क) घेतली की कटकटच मिटली. खाली "जनहितार्थ" वगैरे. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत लोक न वाचता पुढे ढकलतायत, म्हणून म्हटलं एकेक मुद्दा घेऊया, कारण भीती घातलीय भलतीकडेच आणि जिथे डिस्क खरंच मरते तिथे खुशाल "बिनधास्त" लिहिलंय.

एक्स-रेचं आधी उरकतो. मोपचा विमानतळ असो की दाबोळीचा, सामान तपासायच्या मशीनमधून हार्ड डिस्क, एसएसडी, मेमरी कार्ड काहीही गेलं तरी डेटाला काही होत नाही. एक्स-रेने खराब व्हायची ती कॅमेऱ्याची फिल्म, ती रोलच्या जमान्यातली भीती आता डिस्कला येऊन चिकटलीय. तिथे सांभाळायचं ते ट्रेपाशी, डिस्क सुटी ठेवली नि ती खाली घसरली तर. पाऊचमध्ये घालून हातातल्या बॅगेतच राहू द्या, चेक-इनला देऊ नका.

मॅग्नेट. अहो, हार्ड डिस्कच्या आतच हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) हलवणाऱ्या आर्मसाठी चांगले ताकदवान निओडिमियम मॅग्नेट बसवलेले असतात, जुनी डिस्क खोलून बघा, बोट चिमटेल. तिथे फोनच्या स्पीकरचं काय घेऊन बसलात! जुन्या एटीएम कार्डची काळी पट्टी मॅग्नेटने खराब व्हायची ते खरं, पण डिस्कचं तसं नाही. आणि असल्या मॅग्नेटची ओढ अॅल्युमिनियमच्या फॉइलने अडत पण नाही, तेव्हा फॉइल चपात्यांसाठी ठेवा.

आता बंद डिस्क आणि डिकी. अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त घातक. पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये तबकड्या असतात, बहुतेक वेळा काचेच्या, चालू असताना मिनिटाला साधारण 5400 फेरे घेतात आणि हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतराने तरंगत असतं. बंद केली की हेड बाजूला प्लास्टिकच्या रॅम्पवर जाऊन बसतं, म्हणून बंद डिस्क जास्त सोसते. किती? कंपन्यांच्या आकड्यांत 2.5 इंची डिस्क चालू असताना 400 जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) आसपास आणि बंद असताना 1000 जीच्या आसपास धक्का, तोही एक-दोन मिलिसेकंदांचा. 1000 ऐकून हुरळून जाऊ नका. डिस्क मीटरभर उंचीवरून फरशीवर पडली आणि एका मिलिमीटरात थांबली की सरासरी धक्का तेवढाच, 1000 जी. तेच खाली एक सेंटिमीटर दबणारा फोम असला तर 100. म्हणजे वाचवतं ते अंतर, कडक डबा नाही. कडक डब्यात डिस्क आतल्या आत खुळखुळत असेल तर डबा असून नसून सारखाच. कुरियरने पाठवताय तर चारी बाजूंनी दबेल असं जाड काहीतरी हवं आणि खोका हलवला तर आत आवाज आला नाही पाहिजे.

खड्ड्यांनी बंद डिस्क सहसा मरत नाही, पण स्कूटरच्या डिकीत पाना असतो, खाली इंजिनची धग असते, आणि जुलैत त्याच डिकीत ओला रेनकोट कोंबलेला असतो.

आणि फॉरवर्डमध्ये ज्याचं नावच नाही ते म्हणजे चालू डिस्क. बेळगावचं लग्न करून येताना चोर्ला घाटात मांडीवर लॅपटॉप, केबलला लोंबकळणारी डिस्क, कार्ड कॉपी होतंय आणि गाडी वळणं घेतेय, हे आपल्यातले किती जण करतात सांगा बरं. कॉपी घरी करा. इजेक्ट करून केबल काढली तरी तबकड्या लगेच थांबत नाहीत, तळहातावर धरलीत तर बारीक थरथर कळते, ती थांबेपर्यंत उचलाउचली नको.

तांदूळ! उकडे की सुरय ते मात्र फॉरवर्डवाल्याने सांगितलं नाही. पावसात आपल्याकडे तांदळालाच ओल लागते, टोके होतात, तो डिस्कची ओल काय ओढणार, उलट पीठ पोर्टमध्ये जाईल. निळी सिलिका जेल घ्या, गुलाबी झाली की ओली झाली असं समजायचं. पण पावसाळ्यात जास्त नुकसान होतं ते वेगळ्याच वाटेने. मुंबईहून रात्रभर एसी स्लीपरने आलात, सकाळी म्हापशाला उतरलात, डिस्क थंडगार आणि बाहेरची हवा दमट, की चष्म्यावर येतं तसं पाणी डिस्कवर जमतं. आणि साध्या पोर्टेबल डिस्कला हवेसाठी फिल्टरवालं बारीक छिद्र असतं, म्हणजे दमट हवा आत जाऊ शकते. उपाय सोपा आहे, एसीत असतानाच झिपच्या पिशवीत बंद करा आणि घरी आल्यावर पिशवी तशीच तासाभर ठेवा, मग लावा.

यावरूनच फ्रीझरचं काय ते कळलं असेल. बाहेर काढली की तेच पाणी तबकडीवर. टकटक आवाज करणारी डिस्क परत परत लावून बघू नका, डेटा हवा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे न्या.

राहिली एसएसडी. हलणारा भाग नाही, धक्का झेलते, मान्य. पण तिचंही पोर्ट केबलला लटकवून ढिलं होतं. आणि वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू ती नव्हे: लिहिण्याची मर्यादा संपत आलेल्या साध्या एसएसडीने 30 अंशांवर बंद राहून वर्षभर डेटा टिकवावा एवढीच जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे, नवी जास्त टिकते, पण गरमीत हा काळ कमी होतो. मे महिन्यात मिरामारला उन्हात लावलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर हार्ड डिस्कही नको नि एसएसडीही नको.

पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, काम नेताना दुसरी कॉपी दुसऱ्याच्या बॅगेत द्या, आणि पोचून फाइली उघडून बघेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.