पाळणाघर निवडताना मुलाकडे पाहू नका

पाळणाघर शोधताय? मग एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: पाळणाघर तुमच्यासाठी असतं, मूल निमित्तमात्र. मूल फी भरत नाही, चार ओळखीच्यांना शिफारस करत नाही, आणि त्याला विचारायला जावं तर ते बूट चावत बसतं. तेव्हा आवडनिवड तुमचीच चालणार. फाटकावर हसरा जिराफ हवा, स्वागतकक्षात गारवा हवा, फरशी अशी हवी की तिच्यात आपला चेहरा दिसावा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. पाळणाघराचे पाय माहितीपत्रकात दिसतात.

बघायला जाल ते फोन करून, वेळ ठरवून जा. सकाळी अकरा ही वेळ उत्तम. तोपर्यंत सकाळची रडारड संपलेली असते आणि सगळ्यांची नाकं पुसून झालेली असतात. संध्याकाळी सहाला, जेव्हा ताई दमलेल्या असतात, उरलेली चार मुलं दाराकडे डोळे लावून बसलेली असतात आणि कुणाचा तरी डायपर तासापूर्वीच भरलेला असतो, तेव्हा चुकूनही डोकावू नका. न सांगता टपकणं सभ्य माणसाला शोभत नाही.

आत गेल्यावर नजर वर ठेवा. सगळी सजावट मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर असते ती काही उगाच नाही. एकदा अशाच एका खोलीत माझी किल्ली पडली आणि ती उचलायला मी गुडघ्यांवर बसलो. भिंतीवरचं इंद्रधनुष्य कुठल्या कुठे गेलं. समोर उरल्या टेबलांच्या खालच्या बाजू, खुर्च्यांचे पाय आणि येणारे-जाणारे गुडघे. दिवसाचे नऊ तास ज्याला हेच दिसतं त्याचा विचार मनात येऊ लागला, म्हणून मी घाईघाईने उठलो. तेव्हापासून किल्ली मुठीत घट्ट धरून जातो.

भिंतीवरची चित्रं मात्र जरूर पाहा. वीस मुलांचे वीस सूर्य, प्रत्येकाला सारखेच बारा किरण, डोळे जागच्या जागी, हसू एका मापाचं. अडीच वर्षांच्या हाताचं हे कसब पाहून ऊर भरून येतो. ताईंनी आदल्या रात्री अकरापर्यंत जागून कात्री चालवली, हा तपशील कशाला उकरायचा? मुलाच्या हाती रंग दिला असता तर काय झालं असतं ते आपण जाणतो. निळ्यावर पिवळा, त्यावर लाल, त्यावर आणखी काहीबाही, आणि शेवटी कागदभर तपकिरी चिखल. वर विचारलं तर म्हणणार, ‘हा कुत्रा. तो झोपलाय. आता पाऊस आला.’ अख्खी गोष्ट त्या चिखलात होती, हे खरं. पण चिखल फ्रेम करून दिवाणखान्यात लावता येत नाही.

पाटीवर ‘मॉन्टेसरी’ लिहिलेलं असेल तर पुढे काही विचारू नका. मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. मुलांना त्या खऱ्या काचेची भांडी हाताळू देत. भांडं पडलं तर फुटतं, हे मुलाला कळावं म्हणून. हल्ली पद्धत सुधारली आहे. काचेचं कपाट असतं, लाकडी साहित्य त्यात कुलूपबंद असतं आणि किल्ली मुख्य बाईंकडे असते. हे नाव कोणा एकाच्या मालकीचं नाही, असा निर्णय अमेरिकेत 1967 सालीच झालेला आहे, तेव्हा पाटी रंगवणाऱ्यालाही घाबरायचं कारण नाही.

आता अभ्यास. तिसऱ्या वर्षी गिरवणं सुरू नसेल तर ते पाळणाघर लगेच बाद करा. जन्माच्या वेळी मनगटातली आठही छोटी हाडं निव्वळ मऊ कूर्चा असतात आणि ती हाड बनायला कित्येक वर्षं जातात, असं शरीरशास्त्र म्हणतं. म्हणे माती मळून, पाणी ओतून, लोंबकळून हात आधी तयार व्हावा लागतो. हात सावकाश तयार होऊ दे, वही आजच भरली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये असाच खोडा घातला: तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल हवी आणि वर्षभराच्या बाळाला स्क्रीन नकोच. त्यांच्याकडे एका खोलीत पंचवीस मुलं आणि एक टीव्ही अशी परिस्थिती आलेली दिसत नाही.

संख्येवरून आठवलं. ‘किती मुलांमागे किती ताई?’ हा प्रश्न फार उद्धट आहे, विचारू नका. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवं, असा नियमच आहे. दोन वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा चार होता, तो सप्टेंबर 2023 पासून पाच झाला. आपण त्यापेक्षा धीराची माणसं. एका ताईला दोन हात, दोन कडा, एक मांडी. हिशेब केला तर बारा मुलं सहज मावतात. त्यातलं एखादं ‘बा’ म्हणालं आणि उलट कोणी ‘बा’ म्हणालं नाही, तर बिघडलं काय?

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये नेमकं काय बिघडतं तेच छापलं. बाळाशी खेळणाऱ्या आईला त्यांनी काही मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायला सांगितलं. बाळ आधी हसून पाहतं, मग हात पुढे करतं, आणि काही केल्या उत्तर येत नाही म्हटल्यावर मान फिरवून घेतं. तिथे हा प्रयोग काही मिनिटांचा होता. आपल्याकडे ताईंच्या हाती मोबाइल असला की तो दिवसभर विनाखर्च चालतो. शिवाय मान फिरवलेलं मूल शांत दिसतं. ‘तुमचं बाळ फार गुणी, अजिबात आवाज नाही’ असं ऐकलं की तृप्त मनाने घरी जा.

डायरी वाचायची सवय ठेवा. ‘छान खाल्लं, छान झोपला, छान खेळला.’ रोज तेच, सगळ्या मुलांना तेच, एकाच निळ्या शाईत. काही पाळणाघरं मात्र भलतंच लिहितात: ‘आज ट्रकवरून भांडण झालं, त्याने चावा घेतला, मग दोघांना जवळ घेऊन बसले, दुपारी झोप लागली नाही, तुमची ओढणी मागत होता.’ अशा ठिकाणी क्षणभर थांबू नका. जिथे काहीतरी घडतं ती जागा धोक्याची.

आणि कोणी अमेरिकेतल्या इप्सिलँटी गावच्या पेरी बालशाळेचा दाखला दिला तर घाबरून जाऊ नका. 1962 ते 1967 या काळातला हा प्रयोग. 123 गरीब मुलं निवडली, त्यांतली 58 बालशाळेत घातली, बाकीची नाही. साधारण सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका. मूल आधी काय खेळायचं ते ठरवी, खेळे, मग काय केलं ते सांगे. वर दर आठवड्याला शिक्षिका घरी जाऊन आईशी बोलत. आणि फळ काय? बुद्ध्यांकात जी आघाडी मिळाली ती काही वर्षांतच विरली! चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा त्यांतल्या जास्त जणांनी शाळा पुरी केलेली निघाली, जास्त जण नोकरीत टिकलेले निघाले, कमी जणांना अटक झालेली निघाली. पण चाळिशीचं कौतुक स्नेहसंमेलनात करता येतं का? आपल्याला मार्चपर्यंत पंचवीस इंग्रजी कविता हव्यात.

सगळं पटलं की प्रवेशाचा अर्ज भरा. वडिलांचा हुद्दा, आईचा हुद्दा, गाडीचा नंबर, मोठ्या अक्षरांत. काही अर्जांत तळाला एक विचित्र रकाना असतो: ‘मूल घाबरलं की काय केल्याने शांत होतं?’ तो मोकळा सोडलात तरी चालेल. पहिले काही दिवस अडचण येईल, मग एखादी ताई आपणहून शोधून काढेल की याला उचलून खिडकीशी न्यायचं आणि कानामागे हलकंच खाजवायचं. तुम्हालाही एवढं ठाऊक नसेल. पुढे कधी रात्री ते फार रडलं तर तिलाच फोन करून विचारा.

फक्त नंबर आधीच घेऊन ठेवा. इथल्या पगारात तिचं भागत नाही, पुढच्या महिन्यापासून ती एका दुकानात हिशेबाच्या कामाला लागते आहे.