वाडीच्या बैठकीला बाईला कधी बोलावणार?

२०११ च्या जनगणनेत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पुरुष मुंबईला. बारा महिने गावात राहून पाणी, गुरं, शाळा, म्हाताऱ्यांची आजारपणं बघते ती बाई. आणि पंचायतीला कोण उभं राहणार हे ठरतं वाडीच्या बैठकीत, जिथे तिला बोलावणंच नसतं.

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, बिनविरोध. माझं नाव बैठकीत ठरलं आणि ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं.

आरक्षणाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, २०११ मध्ये महाराष्ट्राने निम्म्या जागा बायकांना दिल्या, म्हणून तर मी पंचायतीच्या खोलीत पोचले. पण आमच्या वाडीच्या नळयोजनेचं घ्या. कुठल्या विहिरीवर पंप बसवायचा ते आदल्या रात्री सहाणेवर, म्हणजे देवाची पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, ठरलं होतं. ती विहीर एप्रिलच्या मध्याला तळ गाठते हे वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत, कारण कळशी घेऊन तिथे रांगेत आम्हीच उभ्या असतो. मी सभेत तसं म्हटलं. "वहिनी, आता ठरलंय, सही करा." मी सही केली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पहिल्याच उन्हाळ्यात नळ कोरडे पडले आणि टँकर आला.

पुढच्या वेळी प्रभाग खुला झाला. खुल्या जागेवर बाई उभी राहू शकते, कायदा कुठेही अडवत नाही. पण बैठकीत माझं नावसुद्धा निघालं नाही. पाच वर्षं शिकलेलं सगळं, बजेट कसं वाचायचं, ठराव कसा मांडायचा, घरी बसलं.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं कायद्यातच आहे. ती खरोखर घ्या. अंगणवाडी ताईंनी घरोघर फिरून रजिस्टरवर सह्या आणल्या म्हणजे सभा झाली नाही. भातलावणीचे दिवस सोडून, दुपारी, बायकांना जमेल अशी वेळ ठेवा.

शिमग्याला चाकरमानी आले की वाडीची बैठक बसेल. या वर्षी मी जाऊन बसणार आहे. शेजारच्या दोघी येते म्हणाल्यात, आणि खालच्या घरातली आत्या म्हणाली, "मला हाताला धरून न्या, पण न्या."