गळत नाही, म्हणून बॅकफ्लो प्रिव्हेंटर ठीक आहे असं समजू नका

बॅकफ्लो प्रिव्हेंटर म्हणजे आतलं पाणी उलटं फिरून पिण्याच्या वाहिनीत शिरू न देणारं उपकरण. त्याबद्दलचा एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे उपकरण एकदा बसवलं की विषय संपला. नळाला पाणी येतंय आणि झडप गळत नाही, म्हणजे सगळं ठीक. साधा एनआरव्हीही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी साधी झडप) तेच काम करतो. पाणी उलटं शिरल्याचं कुणी पाहिलेलं नाही, आणि शिरलंच तर क्लोरीन आहे. म्हणून दरवर्षीची चाचणी म्हणजे निव्वळ पैसे काढणं. हे वाचून कुणी चाचणी टाळली, तर त्याची किंमत त्याच नळाचं पाणी पिणारे मोजतील. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

"पाणी येतंय, म्हणजे झडप ठीक." झडपेचं काम पाणी पुढे सोडणं नाही, मागे येऊ न देणं आहे. सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकते तिथे, वाळूचा कण अडकला, रबर झिजलं किंवा स्प्रिंग मोडली, तरी पुढे जाणाऱ्या पाण्याला काहीच अडचण होत नाही. दोष उघडा पडतो तो दाब उलटल्यावर. मुख्य वाहिनी फुटते किंवा आग विझवायला एकदम भरपूर पाणी खेचलं जातं, तेव्हा बाहेरचा दाब कोसळतो आणि आतलं पाणी मागे ओढलं जातं. नाहीतर आतला पंप किंवा बॉयलर बाहेरच्यापेक्षा जास्त दाब तयार करतो आणि पाणी मागे ढकलतो. तोपर्यंत चांगली झडप आणि निकामी झडप बाहेरून अगदी सारख्याच दिसतात.

"गळत नाही ना?" हा मुद्दा सगळ्यात फसवा आहे. डबल चेक प्रकारात एकामागे एक दोन चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपा, असतात. ते आतल्या आत निकामी झाले तरी बाहेर थेंबही पडत नाही. आरपी (रिड्यूस्ड प्रेशर) प्रकारात दोन चेकच्या मधे पाणी बाहेर सोडणारा एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. पहिल्या चेकमध्ये कचरा अडकला की तो ठिबकू लागतो, आणि हे ठिबकणं उपयोगी आहे, कारण ती दोषाची खूण आहे. पण कोरडा रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे निर्दोष उपकरण नव्हे. त्याचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) अडकलेला असू शकतो, दाब ओळखणारी बारीक वाट गाळाने बुजलेली असू शकते. सतत ठिबकतं म्हणून त्याचं तोंडच बूच मारून बंद करणारेही असतात. दोन्ही चेकनी दगा दिल्यावर घाण पाणी बाहेर काढून टाकणारी वाटच अशाने बंद होते.

हे कळायला गेज लागतो. आरपीवर चार टेस्ट कॉक, म्हणजे चाचणीसाठीचे छोटे नळ, असतात. पुढचा व्हॉल्व्ह बंद करून त्यांना दाबातला फरक मोजणारा गेज जोडतात आणि पहिल्या चेकच्या दोन बाजूंमधला फरक वाचतात. मग तो फरक हळूहळू कमी करत नेतात आणि रिलीफचा पहिला थेंब कधी पडतो ते पाहतात. फरक 2 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) खाली जाण्याआधीच रिलीफ उघडला पाहिजे. डबल चेकमध्ये दोन्ही चेकनी प्रत्येकी किमान 1 पीएसआय धरून दाखवावा लागतो. हे आकडे डोळ्यांनी दिसत नाहीत, कानांनी ऐकू येत नाहीत.

"एनआरव्ही पुरे." नाही. त्यात एकच पाकळी असते आणि तपासायला टेस्ट कॉक नसतात. तो चालतो की नाही, हे जागेवर सिद्धच करता येत नाही.

"असं कुठे घडलंय?" 1969 साली अमेरिकेत वूस्टर इथल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघात काविळीची साथ पसरली. जवळच्या आगीसाठी पाणी उपसलं गेल्याने वाहिनीतला दाब पडला आणि मैदानातल्या सिंचनाच्या खड्ड्यातलं दूषित पाणी पिण्याच्या नळाकडे ओढलं गेलं. जवळपास सगळा संघ बाधित झाला आणि हंगाम रद्द करावा लागला. 2007 मध्ये फिनलंडमधल्या नोकिया शहरात सांडपाणी केंद्रातल्या एका जोडणीवरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला. सुमारे 450 घनमीटर प्रक्रिया केलेलं सांडपाणी पिण्याच्या वाहिन्यांत गेलं आणि हजारो लोक आजारी पडले.

"क्लोरीन आहे की." वाहिनीतलं क्लोरीन थोड्याशा जंतूंसाठी असतं. कीटकनाशक, बॉयलरमधली रसायनं, शीतकरणातलं ग्लायकॉल यांच्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. अमीबाच्या सिस्टही (कवचातले अमीबा) नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत. 1933 मध्ये शिकागोत दोन हॉटेलांच्या सदोष नळजोडण्यांमधून अमीबिक आमांश पसरला आणि 98 माणसं मेली.

"पैसे काढायचा धंदा." गेज न जोडता नुसता कागद चिकटवून जाणारे आहेत, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय चाचणी बंद करणं नाही, आकडे मागणं आहे. प्रत्येक चेकचा फरक, रिलीफ किती फरकावर उघडला, गेजचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) कधी झालं, हे सगळं अहवालात लिहून घ्या आणि मागच्या वर्षाशी ताडून पाहा. आकडा दरवर्षी घसरत असेल तर उपकरण नापास होण्याआधीच रबर आणि स्प्रिंग बदलता येतात. बऱ्याचदा उघडून स्वच्छ करणं एवढंच पुरतं. वर्षातून एकदा हे किमान झालं. दुरुस्ती झाली किंवा उपकरण हलवलं, तरी चाचणी पुन्हा हवी. वाहिनी फुटून गढूळ पाणी येऊन गेलं असेल तर वर्ष संपायची वाट पाहू नका.

त्या मजकुरात न आलेली एक गोष्ट आहे, आणि मला तीच जास्त काळजीची वाटते. बरीच आरपी उपकरणं जमिनीखालच्या खड्ड्यात बसवलेली असतात. खड्डा तुंबला की रिलीफचं तोंड पाण्याखाली जातं आणि साचलेल्या घाणीला थेट उपकरणात शिरायची वाट मिळते. गेजवर ते पास होईल, तरीही ते असुरक्षितच. असं उपकरण जमिनीच्या वर, खाली निचरा असलेल्या जागी हलवून घ्या आणि मग त्याची चाचणी करा.