तुकडे हलवले की हसू जातं
लेख मस्तच, पण त्यात म्हटलंय तसं ‘केंटकी फ्राइड मूव्ही’ कुठूनही पाहिला तरी चालतो, हे पटलं नाही भाऊ. छोट्या-छोट्या विनोदी स्केचेसचा (प्रहसनांचा) १९७७ चा हा अमेरिकी सिनेमा विस्कळीत वाटतो, पण त्याची बांधणी पक्की आहे. बातम्या देणारा मध्येच उगवतो, एक ओळ फेकतो आणि गायब. शेवटच्या स्केचमध्ये टीव्हीसमोर जोडपं प्रणयात रंगतं आणि पडद्यातला निवेदक वाचन सोडून त्यांच्याकडेच बघत बसतो. आधीच्या त्या ओळी गाळल्या की हा शेवट निम्मा पडतो. ब्रूस लीच्या ‘एन्टर द ड्रॅगन’ची नक्कलही मध्येच हवी. ती जवळपास अर्धा तास चालते. सुरुवातीला लावली तर बारक्या तुकड्यांना दमच उरत नाही.

नागपुरात गॅदरिंगसाठी स्केच बसवणाऱ्यांनी एवढं पाळा: दोन नकली जाहिराती लागोपाठ नकोत, दुसरी पहिलीचाच पुढचा भाग वाटते. हशा पिकला की दोन सेकंद अंधार ठेवा, नाहीतर पुढचं पहिलं वाक्य त्यात बुडतं. आपल्या मारबत मिरवणुकीतल्या बडग्याची, म्हणजे त्या पुतळ्याची, पाटी बघा, मिरवणूक पुढे सरकायच्या आत वाचून झाली पाहिजे. नकली जाहिरातीचा मजकूरही तेवढाच हवा.